म्हातारा की शिलाई मशीन

तपासणीचा कागद घडी करून धाकट्यानं खिशात घातला आणि तो वॉर्डात शिरला.

दादा उशीला टेकून बसला होता. डाव्या तळहातावर रबरी चेंडू ठेवलेला. बोटं त्याच्याभोवती नुसती पडून होती.

"आलास? बस. काल अर्धवट राहिलं होतं," दादा म्हणाला. "तुझं ते शिलाई मशीन."

"दादा, जरा..."

"आधी ऐक."

शिलाई मशीन म्हणजे धाकट्याचा लाडका गिटारवाला. त्याची बोटं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी पळायची, म्हणून दादानं त्याला हे नाव ठेवलं होतं. दादाचा देव वेगळा. नायलॉनच्या तारांवर वाजवणारा एक म्हातारा. दोघा भावांनी सव्वीस वर्षं एकाच ऑर्केस्ट्रात काढली, दादानं गिटारवर, धाकट्यानं साउंडवर, आणि टेम्पोतून जाता-येता हाच वाद घातला. हाताचं कसब कोणाचं मोठं?

वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. ती यायच्या आत सांगून टाकायचं, असं धाकट्यानं जिन्यातच ठरवलं होतं. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नव्हता. अपघातात नसा मुळापासून तुटल्यात. खांदा थोडाफार हलेल. बोटं हलणार नाहीत. तुम्ही सांगता की मी सांगू? "मी सांगतो," असं धाकटा म्हणाला होता.

"वेग म्हणशील तर मान्य," दादा रंगात आला होता. "पण सगळे सूर एका ओळीत. सुई खाली, सुई वर. म्हातारा काय करतो? अंगठ्यानं खर्ज, मधल्या बोटांनी साथ, आणि वर गाणं. तिघांचं काम एकटा. आणि त्याचा डावा हात बघ. पहिलं बोट गिटारच्या पहिल्या पडद्यावर रोवून ठेवायचं आणि करंगळी पार सहाव्यावर न्यायची, आधीचा सूर न तोडता! सांग तुझ्या मशीनला, करून दाखव म्हणावं. अरे, उजवा हात कोणीही घोड्यासारखा पळवेल. खरं कसब डाव्या हातात असतं."

बोलता बोलता त्यानं उजव्या हातानं डावा उचलून मांडीवर नीट ठेवला. झोपलेलं मांजर उचलून ठेवावं तसा.

इथं धाकट्यानं उसळायला हवं होतं. 'त्यातला एक तरी सूर पुसट दाखव, मिशी उतरवतो' हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो चेंडूकडे बघत राहिला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "म्हातारा मोठा."

"हरला!" दादा शेजारच्या खाटेकडे वळला. तिथं पाय प्लास्टरमध्ये घातलेले एक निवृत्त मास्तर पेपर वाचत होते. "मास्तर, ऐकलंत ना? साक्षीला राहा. सव्वीस वर्षांनी आज हा..."

आणि तो तिथंच थांबला.

"आई गेली त्या आठवड्यातसुद्धा तू हे कबूल केलं नव्हतंस," तो हळूच म्हणाला.

धाकट्यानं खिशातला कागद चाचपला.

"डॉक्टर भेटले का?"

धाकट्यानं मान हलवली.

"किती बोटं म्हणाले?"

धाकटा खाटेवरची चादर सारखी करू लागला.

"एखादं तरी?"

धाकट्यानं पुन्हा मान हलवली, या वेळी नाही म्हणून. मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला.

दादानं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर गाड्यांच्या काचांवर ऊन होतं. मग त्याला हुंदका ऐकू आला. त्याचा नव्हता तो. पन्नाशीला आलेला त्याचा भाऊ स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडत होता.

"गप. तुझी वहिनी येईल आता."

धाकट्याला आवरेना. दादानं उजवा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि घसा खाकरला.

"पण एक सांगतो. तुझं मशीन अगदीच टाकाऊ नाही."

धाकट्यानं वर बघितलं.

"इतक्या वेगात एकही सूर पुसट नाही. प्रत्येक सूर कसा वेचून घ्यावा असा. सोपं नाही ते. खरं विचारशील तर... तोच मोठा."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"का? म्हाताऱ्याचा एवढा कळवळा आलाय तर भांड की. त्याच्या बाजूनं कोणीतरी बोलायला नको का?"

धाकट्यानं बाहीनं नाक पुसलं. "मशीनला तीन आवाज एकदम काढता येतात का?"

"गरजच काय? एकच आवाज असा काढतो की तिघांची तोंडं बंद."

"आणि म्हाताऱ्याची ती करंगळी?"

"करंगळीचं कौतुक पुरे झालं."

"पुरे कसं? अख्ख्या जगात तशी करंगळी नाही, दादा! कोणाकडे नाही!" धाकटा जवळजवळ ओरडलाच.

वहिनी दारात आली होती. हातात औषधांची पिशवी. बावीस वर्षांच्या संसारात तिनं हा वाद इतक्यांदा ऐकला होता, की कोण कोणाच्या बाजूचा हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. नवरा मशीनची वकिली करत होता. दीर रडक्या आवाजात म्हाताऱ्यासाठी भांडत होता. तिनं आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

मग ती मागे फिरली, बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्यांचं भांडण संपेपर्यंत आत आली नाही.