लाइफबोट

"आर यू मॅड, आजी? त्या जर्मनला पुरणपोळ्या कसल्या देतेस?" यशोधन किचनच्या दारातूनच ओरडला. शाळा सोडल्यापासून तो सगळ्यांवरच ओरडायचा, पण आज कारण होतं. शेजारचा म्हातारा ओटो दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर होता. यशोधननं सकाळी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो बोलला. आजोबा ज्या जहाजावर खलाशी होते, ते त्याच पाणबुडीनं बुडवलं. जहाजाचे दोन तुकडे झाले, बघता बघता ते खाली गेलं. एकही माणूस वर आला नाही.

"माहितीये मला," आजी म्हणाली. "मी साउथहॅम्प्टनला आले त्याच वर्षी सांगितलं त्यानं. रडत होता बिचारा. पण एक लाइफबोट भरून माणसं निघाली, ती त्यानं डोळ्यांनी पाहिली. म्हणून तर इतकी वर्षं झाली तरी ह्यांच्या नावाचं कुंकू लावते मी."

यशोधन खाली बसून बूट घालू लागला.

"का रे? तुला काय म्हणाला तो?"

"हेच," यशोधन बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. "मला निघायला हवं आता."