बसून सांगायची बातमी

"पेशंट गेला, सॉरी काका," असं दारातूनच सांगून तेजल मोकळी झाली आणि मोहरीरकाकांनी तिला नापास केलं.

रंगभूमीवरून निवृत्त झालेले काका मेडिकल कॉलेजात पेशंटच्या नातेवाइकाचं सोंग घ्यायचे. वाईट बातमी कशी सांगावी, हे विद्यार्थी त्यांच्यावर शिकायचे.

"बरी बातमी दारातून सांगितली तरी चालते गं," काकांनी तिला समजावलं. "वाईट असेल तर खुर्ची ओढायची, समोर बसायचं, मग तोंड उघडायचं. माणसाला तेवढा आधार लागतो." पुढच्या खेपेला ती इतकी नीट बसली, की काकांना रडण्याचं सोंग करावंच लागलं नाही.

दोन वर्षांनी काका त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेर बसले होते. हातात बायकोचा चष्मा होता. शुद्धीवर आली की शरयू आधी तोच मागणार, म्हणून त्यांनी तो सकाळपासून चारदा पुसला होता.

दार उघडलं. डॉक्टर झालेली तेजल बाहेर आली आणि दारातच थांबली. काकांचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं भिंतीलगतची रिकामी खुर्ची उचलली, काकांसमोर आणून ठेवली. ती काही विसरली नव्हती.

ती बसणार इतक्यात काकांनी चष्मा त्या खुर्चीवर ठेवला.

"बसू नकोस, पोरी," ते म्हणाले. "तू आपली दारातूनच सांग."