दारुड्याचा पश्चात्ताप

"हे दयाळू पित्या, आमच्या भगिनीच्या कादंबरीतल्या त्या दारुड्याला शेवटच्या प्रकरणात तरी पश्चात्ताप होऊ दे," चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मिटल्या डोळ्यांनीच मी दातओठ खाल्ले. माझ्याच घरच्या प्रार्थनासभेत हा माणूस देवाकडे माझ्या कादंबरीचं गाऱ्हाणं मांडत होता! हस्तलिखित वाचायला दिलं, तिथेच चुकलं.

मग मीही मोठ्याने प्रार्थना सुरू केली. "प्रभू, लिहिण्यासाठी तूच मला पाचारण केलंस, खोटं लिहिण्यासाठी नव्हे. सगळेच दारुडे सुधारत नाहीत, हे पाळकसाहेबांना तूच सांग."

"पित्या, भगिनीला नम्रता दे," पाळकसाहेबांनी लगेच सुनावलं.

"प्रभू..." कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. सभेत त्या कधीच तोंड उघडत नसत. "माझा नवरा शेवटपर्यंत पिऊन मला मारायचा. तुझ्याकडे किती मागितलं, तो सुधारला नाही. तरी मी तुला सोडलं नाही. सुनेला हे दोन्ही लिहू दे."

पाळकसाहेब हळूच "आमेन" म्हणाले. दारुडा मी खरा लिहिला होता. त्याच्या बायकोची प्रार्थना कादंबरीत कुठेच नव्हती.

झालं! शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिणं आलंच.