‘आई’ लोणचे, सर्व हक्क राखीव

“फक्त लोणच्यांच्या वर्गात नोंदणी करा, वैनी,” ट्रेडमार्कचे वकील कुलथे कळवळून म्हणाले.

“आणि उद्या कुणी ‘आई’ पापड काढले तर?” मृणालने सगळ्याच वर्गांत ‘आई’ नोंदवून टाकलं.

मंजुरी आली त्याच दुपारी अख्ख्या गावाच्या घशातल्या, शब्दांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी चिप अद्ययावत झाल्या. अंगणात तिची लेक शाल्मली सायकलवरून आपटली. गुडघा फुटला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मृणाल धावली.

“अगं, हाक तरी मारायचीस!”

शाल्मलीने पुन्हा तोंड उघडलं. तिच्या घशातून एक अनोळखी बाई अदबीने म्हणाली, “हा शब्द नोंदणीकृत आहे. कृपया पर्यायी शब्द वापरा.”

“आई गं!” मृणाल किंचाळली.

तिला मात्र ते स्वच्छ म्हणता आलं. मालकीण तीच होती.