उपाशीपोटीचा आकडा

"तीनशे अठरा," सिंधुबाईनं साखरेचा आकडा वाचला आणि माणिकरावांच्या उशाच्या वहीत लिहिला. काल दोनशे नव्वद होता.

बायपास होऊन पंधरा दिवस झाले होते. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं जोडलेलं. त्यात साखरेचा जुना आजार, वजन नव्वदच्या वर, आणि तहसील कचेरीच्या नोकरीत ओढलेल्या बिड्या वेगळ्याच. सुट्टी देताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की ऑपरेशन झकास झालंय, पण खरी भीती जखमेची आहे. साखर वाढली तर जखमेत पू होईल, आणि पू हाडापर्यंत गेला तर छाती पुन्हा उघडावी लागेल. शेजारच्या खाटेवरच्या उमापूरच्या त्रिंबकची उघडली होती. दोनच दिवसांत त्याची खाट रिकामी झालेली दोघांनी पाहिली होती.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला जो घोर लागला, तो पाटोद्याला घरी आल्यावरही सुटला नाही. भेटायला येणाऱ्यांना सिंधुबाई दारातूनच वाटेला लावायची. लोक नावं ठेवत, ठेवू देत. खोकला आला की माणिकरावांनी उशी छातीशी कवटाळायची, उठताना हातावर जोर द्यायचा नाही, छातीचा पट्टा सोडायचा नाही.

आणि रोज सकाळी उपाशीपोटी साखर बघायची. उभ्या कचेरीला दरडावणारा माणूस, पण सुईला लेकरासारखा भ्यायचा. पहिल्या दिवशी बोटाला टोचलं तर असा काही दचकला, की ठसका लागला, छातीत कळ गेली, आणि टाके तुटले असं वाटून दोघंही रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून सिंधुबाईनं रीत बदलली. त्यांनी भिंतीकडं तोंड करायचं, तिनं बोट दाबायचं आणि मशीन बघून आकडा सांगायचा. टोचलेलं कळायचंच नाही.

"तुझ्या आईचा हात लई हलका हाय," ते फोनवर लेकीला, वनिताला, कौतुकानं सांगत.

आकडा मात्र उतरेना. सिंधुबाईनं भात बंद केला, बटाटा बंद केला. वेगळं काही ती रांधतच नव्हती. ते जे खातील तेच, त्याच पातेल्यातलं, तीही खायची. आकडे फोनवर कळवले तसे डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. तीनशे अठरा ऐकून आणखी वाढवल्या.

दुसऱ्या दिवशी तीनशे चाळीस निघाले. सिंधुबाईचं धाबंच दणाणलं. तिनं गोळ्या दिल्या आणि भाकरी दिलीच नाही, नुसतं ताक दिलं. दोन तासांत माणिकरावांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, जीभ जड झाली.

"पू झाला गं," ते पुटपुटले. "त्रिंबकला बी असाच घाम सुटला व्हता."

सिंधुबाई अनवाणीच पळत सुटली आणि गल्लीतल्या ज्योत्स्ना सिस्टरला घेऊन आली.

सिस्टरनं पट्टा सोडला तेव्हा सिंधुबाईला बघवेना. पण जखम कोरडी होती. लाली नाही, सूज नाही, पाणी नाही. मग सिस्टरनं माणिकरावांचं बोट पुसून टोचलं, तसे ते कळवळले. मशीनवर अठ्ठेचाळीस आले.

सिस्टरनं घाईघाईनं साखरेचं पाणी करून घोट घोट पाजलं. हळूहळू घाम ओसरला, ते माणसं ओळखायला लागले. साखर पार तळाला गेली होती, सिस्टर म्हणाली. अजून थोडा उशीर झाला असता तर काका हाती लागले नसते. मग तिनं उशाची वही उघडली आणि ती बुचकळ्यात पडली.

"मावशी, हितं तर तीनशे चाळीस लिहिलंय. आज सकाळचंच."

सिंधुबाई रडता रडता हसत होती. जखम कोरडी होती, माणूस शुद्धीवर होता. तिला दुसरं काही नको होतं.

"त्यांना सुई सोसत न्हाई, सिस्टर," ती म्हणाली. "आमी खातो एकाच पातेल्यातलं. म्हनून म्या रोज माझंच बोट टोचून घेत व्हते."