घरनी

“अठरा पुरा व्हयनात का?” केळीच्या घडावरची नजर न काढता जीवरामनानांनी विचारलं.

“सोळा,” प्राची म्हणाली. वाटेभर ती अठरा-अठरा घोकत आली होती, पण ऐन वेळी जीभ खऱ्याकडेच घसरली.

“मंग कसं जमी, बेटी? माल परदेशमा जास. कंपनीना मानूस तपासाले येस. अठराखालना एक हात सापडना, ते बठ्ठी गाडी परत.”

चोपड्याच्या रस्त्यावर नानांची केळी भरायची शेड होती. नाना नियमाचे पक्के, असं गाव म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण प्राचीचं सगळं या शेडवर अडलं होतं. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली त्या दिवशीच बापाने, देवचंदने, बजावलं होतं, “तुनी फी तू कमाव, मंग जाय जळगावले अकरावीले. नहीते घर बस.” देवचंद तसा फार बोलत नसे. बोललेलं मात्र मागे घेत नसे.

टाकीशी एक मुलगी फण्या धूत होती. डोक्याला उन्हाचं फडकं, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे. अंगाने प्राचीपेक्षाही बारीक.

“नाना, ती ते मन्हाएवढीच दिखस.”

“सुलक्षणा? ती घरनी शे,” नाना म्हणाले. “घरना मानसले नियम लागत नही.”

नाना वजनकाट्याकडे वळले, तशी सुलक्षणाने हळूच विचारलं, “गणितना पेपर कसा व्हता व?”

“कठीण. तू कधी दिधा?”

“दिधा नही. हॉल तिकीट येल व्हतं.” एवढं बोलून तिने पुढची फणी पाण्यात सोडली.

नानांची भाची असेल, प्राचीच्या मनात आलं. नशीबवान आहे, निदान काम तरी आहे हाताला.

मग तिने सगळी दारं ठोठावून पाहिली. चोपड्यातल्या कापड दुकानात आधार कार्ड मागितलं. वेफर्सवाल्याने तेच मागितलं. धुळ्याच्या मामाने फोनवर सांगितलं, इकडेही अठराच लागतात, दोन वर्षांनी ये. आता वय म्हणजे काही मटकी नव्हे, की रात्री भिजत घातली आणि सकाळी मोड आले!

गंमत अशी, की दुकानात लहान ठरलेली ही पोर घरी आली की मोठी व्हायची. भाकरी जरा करपली की आजी म्हणायची, “एवढी घोडी व्हयनी, तरी अक्कल नही.” एकाच दिवसात दोन वयं. यातलं आपलं खरं कोणतं, हे प्राचीला कळेनासं झालं होतं. रडू मात्र दोन्ही वयांचं यायचं.

मे महिना अर्धा सरला आणि एका सकाळी देवचंद म्हणाला, “आज नाना येतीन आपला घर. कामनं बोलतीन. चांगला ड्रेस घाल.”

प्राचीचा जीव भांड्यात पडला. आईने तिची वेणी घातली, आज जरा जास्तच घट्ट. केस ओढले जात होते, पण प्राचीने मान ताठ धरली.

संध्याकाळी नाना आले. सोबत त्यांची बायको रुक्माबाई. धाकटा मुलगा योगराज बाहेर टेम्पोतच बसून राहिला.

“हात दखाड, बेटी,” रुक्माबाई म्हणाल्या. प्राचीने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

“दिनभर उभी राहशी?”

“राहसू.”

“पंधरा मानसंसन्या भाकरी टाकता येतीन?”

शेडवरच्या मजुरांचं जेवणही बघावं लागत असेल. प्राचीने मान डोलावली. नाही म्हणून हातचं काम घालवायला ती काही खुळी नव्हती.

“पन नाना,” ती म्हणाली, “मना अठरा अजून…”

“त्यावर एक रस्ता शे,” नाना शांतपणे म्हणाले. “तुले घरनी म्हनीसन लेवूत. घरना मानसले कोन वय इचारस?”

म्हणजे आपल्यालाही भाची करणार! एवढा नियमाचा माणूस, आपल्यासाठी खोटं बोलायला तयार झाला. प्राचीला भरून आलं. तिने वाकून दोघांना नमस्कार केला.

“पन दोनच महिना, नाना. जुलै लागना की मी जळगावले जासू.”

रुक्माबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नाना हसले. देवचंदही हसला, पण प्राचीकडे न बघता. आई चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

रुक्माबाईंनी पिशवीतून नारळ काढला. नव्या कामाचा नारळ असेल, म्हणून प्राचीने हात पुढे केला.

“हातमा नही व. ओटी पसर.”

तिने ओढणी पसरली. नारळ पडला, त्यावर खण पडला, कपाळाला कुंकू लागलं. नानांनी दाराबाहेर हाक मारली, “योगराज, येय रे मझार.”

“घाबरू नको, बेटी,” तिची हनुवटी उचलत रुक्माबाई म्हणाल्या, “सुलक्षणा बी आशीच ऊनी व्हती. आते दोन्ही जावा मिळीसन फण्या धुवा.”