उकळूनही

नगरपालिकेची गाडी खालून गेली तेव्हा स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. भोंग्यातलं वाक्य तुकड्यातुकड्यांनी वर आलं. तळ्याचं पाणी… नळाचं… उकळून…

“ऐकलंस? पाणी उकळून प्यायला सांगतायत,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोठं पातेलं चढवलं.

उकळी फुटली, तरी त्यांचं समाधान होईना. नातीच्या दुधाचं पाणी, त्यात कसूर नको. पाणी आटून निम्म्यावर आलं तेव्हा कुठे त्यांनी गॅस बंद केला. आता यात जंतूच काय, जंतूचा बापही उरला नसेल, असं वर ऐकवलं. सुनेनं वाकून वास घेतला. कुबट येतोय, म्हणाली. या घरात आल्यापासून तुला माझ्या प्रत्येक भांड्याला वासच येतो, असं उत्तर आलं. सून हसली. पाणी निवलं, तशी तिनं त्यात दुधाची पावडर मिसळली आणि पोरीला मांडीवर घेतलं. चार महिन्यांचा जीव, पण शेवटच्या थेंबापर्यंत ओढून प्यायली.

बाटली रिकामी झाली आणि गाडी परत आली. या वेळी मिक्सर बंद होता.

“तळ्यात विषारी शेवाळ वाढलं आहे. नळाचं पाणी उकळूनही पिऊ नका. उकळून हे विष जात नाही.”

“‘ही’ म्हणाला का गं तो?” सासूबाईंनी विचारलं. “उकळूनही?”

सुनेनं होकारार्थी मान हलवली.

सासूबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी तिला ते आटवून पाजलं.”

सुनेनं दवाखान्यात फोन लावला. नर्स शांतपणे सांगत होती. उलटी, जुलाब, अंगावर पिवळेपणा, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर तसेच निघून या. झोप आणि गुंगी ओळखायची कशी, सुनेनं विचारलं. हलवल्यावर रडली तर झोप, नर्स म्हणाली.

पोर तोवर खांद्यावर निजलीही होती. पोट भरलं की रोजच निजायची. रोज या वेळी दोघी चवड्यांवर चालायच्या, दाराची कडीसुद्धा वाजू द्यायच्या नाहीत. सवयीनं सासूबाईंच्या ओठांवर अंगाई आली. ती त्यांनी हातानं तोंडातच दाबली.

सुनेनं पोरीच्या तळव्याला बोट लावलं. काहीच नाही. मग दंडाला चिमटा काढला. पोरीनं ओठ काढले आणि टाहो फोडला. दोघींपैकी कुणीही तिला उगी म्हणालं नाही.

रडून रडून पोर दमली. हुंदके विरळ झाले, पापण्या पुन्हा जड होऊ लागल्या. सुनेचा हात उचलला गेला आणि तिथंच थांबला.

“सरक,” सासूबाई म्हणाल्या. “आता चिमटा मी काढते. तू आई आहेस.”